मेनूकार्डात संग्रामपूर कुठे आहे?

सर्वप्रथम एक कबुली. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विषय होता, पण तो 'थर्ड लँग्वेज' म्हणून, आणि तास नेमका पी.टी.च्या आधीचा. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. सगळे म्हणत होते की इंग्रजी विभागात लिही, तुला सोपं जाईल. बसले होते लिहायला. पण भरताला इंग्रजीत काय म्हणायचं इथेच अडले. 'मॅश्ड ब्रिंजल' म्हटलं की ते पेशंटचं जेवण वाटतं. म्हणून मराठी.

तर झालं असं. गेल्या डिसेंबरमध्ये सेमिस्टर संपलं आणि मी घरी नाशिकला जायच्या आधी दोन दिवस माझ्या रूममेटच्या गावी गेले. तिचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यात. शेगावला गाडीतून उतरलो, स्टेशनवर कचोरी खाल्ली (शेगावला उतरून कचोरी न खाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही) आणि एस.टी.ने पूर्णा नदी ओलांडून वरवट बकालमार्गे निघालो. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, अलीकडे दोन्ही बाजूंना कपाशी. मी खिडकीतून फोटो काढत होते आणि रूममेट झोपली होती. आपल्या गावच्या रस्त्यावर कोण जागं राहतं म्हणा.

घरी पोहोचलो तेव्हा काकू शेतातून नुकत्याच आल्या होत्या. कापूस वेचणी चालू होती. त्यांनी माझ्या हातावर गूळ आणि पाणी ठेवलं. पाणी कॅनचं होतं. तिकडचा बराच भाग खारपाण पट्ट्यात येतो, विहिरीचं पाणी तोंडात घेववत नाही. "त्या पान्यात डाळ बी शिजत नाही वो माय," काकू म्हणाल्या, "वरनासाठी बी कॅनचंच पानी घ्या लागते." मी आपली मान डोलावली. पाण्यातल्या क्षारांमुळे डाळ लवकर मऊ होत नाही, हे फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत 'हार्डनेस'च्या चॅप्टरमध्ये असायला हवं होतं, पण आम्हाला नुसतंच साबणाला फेस येत नाही एवढंच शिकवलं.

संध्याकाळी परसात वांगी भाजायचा वास येत होता. पऱ्हाट्यांच्या जाळावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पऱ्हाट्या म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. तो वास इतका मस्त होता की मी मनातल्या मनात दोन भाकरी खाऊन पण टाकल्या. तेवढ्यात काका कपडे बदलून, केस विंचरून बाहेर आले आणि म्हणाले, "चला, आज हाटेलात जेवू."

मी म्हटलं, "काका, कशाला? घरी केलंय ना."

"थे आमचं नेहमीचं. पोरगी नाशिकवरून आली, तिले भाकर-ठेसा कायले चारता?" हे काकूंना उद्देशून. काकू हसल्या. "तुमी जा. मले म्हशीचं पाहा लागते."

आणि आम्ही गेलो. काका, रूममेट, तिचा सातवीतला भाऊ आणि मी. एका मोटारसायकलच्या दोन फेऱ्या करून.

हॉटेलचं नाव मी सांगणार नाही. नावाची गरजच नाही, कारण ते हॉटेल तुम्ही पाहिलेलं आहे. 'प्युअर व्हेज फॅमिली रेस्टॉरंट', बाहेर एल.ई.डी.ची माळ, आत फॅमिलीसाठी पडदा लावलेले कप्पे. मेनूकार्ड आठ पानी, प्लॅस्टिक कव्हरमधलं. व्हेज कोल्हापुरी, व्हेज जयपुरी, व्हेज हैदराबादी, व्हेज मराठा, काश्मिरी पुलाव, शेजवान, मंचुरियन. सगळा भारत आणि वर थोडासा चीन. मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शोधलं. ज्या तालुक्यात बसून आपण हे वाचतोय त्या तालुक्याचं एकही पान, एकही ओळ त्यात नव्हती. वेटरला विचारलं, भाकरी मिळेल का? तो म्हणाला, "नाही मॅडम, फॅमिलीवाले मागत नाहीत."

जेवण कसं होतं ते थोडक्यात सांगते. पनीर बटर मसाला गोड होता. काजू करीसुद्धा गोड होती, फक्त रंग वेगळा. पनीर दातांना असं परतून लावत होतं की मला मेकॅनिक्सच्या लॅबमधलं रबर आठवलं. रोट्या गार होऊन चामड्यासारख्या झाल्या. दाल तडक्यात तडका होता, दाल शोधावी लागली. धाकटा भाऊ मात्र मन लावून जेवला. काका दर दोन मिनिटांनी विचारत होते, "कसं हाय? जमलं ना?" आणि मी दरवेळी म्हणत होते, "मस्त आहे काका." कॉन्व्हेंटमध्ये मॅनर्स फार चांगले शिकवतात.

बिल माझ्या समोर ठेवलं गेलं म्हणून पाहिलं. पनीर २२०, काजू करी २४०, दाल १४०, जीरा राईस १२०, बारा बटर रोट्या ३००, तीन मसाला पापड १२०, दोन बाटल्या पाणी ४०. एकूण ११८० रुपये. दुपारीच काकांनी बोलता बोलता कापसाला क्विंटलमागे सात हजार मिळाल्याचं सांगितलं होतं. इंजिनिअरिंगचं डोकं नको तिथे चालतं. सत्तर रुपये किलो, म्हणजे ११८० रुपयांना जवळपास सतरा किलो कापूस. त्यातून बियाणं, खत, फवारणी, वेचणी वजा केलेलीच नाही.

परत आलो तेव्हा काकू चुलीपाशी बसून जेवत होत्या. एकट्याच. ताटात भरीत, कळण्याची भाकर, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची, आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. मला बघून त्यांनी ताट पदराआड केलं. अगदी सहज, जसं आपण सर आले की मोबाईल बेंचखाली सरकवतो तसं. मी म्हटलं, काकू, मला द्या ना थोडं. तर म्हणाल्या, "हे तुयासाठी नाही वो माय. हे आमचं रोजचं हाय."

मी हट्टाने अर्धी भाकर घेतली. भरीत गार झालं होतं, तरी त्याच्या घासाघासाला धूर लागत होता. पण खरं सांगायचं तर घास नीट गिळवला नाही, कारण ते ताट पदराआड का गेलं ते मला माहीत होतं. सेकंड इयरला मेसमध्ये एकदा भाकरी झाली होती. मी एक तुकडा खाऊन ताट सरकवलं होतं आणि सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "हे लोक कसं खातात यार, घशात अडकतं." रूममेट माझ्या शेजारी होती. तेव्हा ती काही बोलली नाही. पण घरी तिने सांगितलं असणार की हिला भाकरी चालत नाही. चुगली म्हणून नाही, पाहुणीची काळजी म्हणून. म्हणजे ते ११८० रुपये माझ्याच एका वाक्याचं बिल होतं!

आता तुम्ही म्हणाल, एक जेवण फसलं, त्यात एवढं काय? मेसमध्ये तर रोजच फसतं. पण मला तेव्हापासून एक प्रश्न सोडत नाही. संग्रामपूरच्या हॉटेलात संग्रामपूरचं जेवण का मिळत नाही?

माझा मावसभाऊ हॉटेल मॅनेजमेंट शिकलाय. त्याला विचारलं. तो म्हणाला, "सोप्पं आहे. तीन ग्रेव्ह्या." लाल, म्हणजे टोमॅटो, काजू आणि लोणी. ब्राऊन, म्हणजे परतलेला कांदा, आलं-लसूण, टोमॅटो. पांढरी, म्हणजे उकडलेला कांदा, काजू आणि मगज. ह्या सकाळी मोठ्या पातेल्यांत करून ठेवायच्या, उरल्या तर फ्रीजमध्ये. ऑर्डर आली की लालमध्ये पनीर टाकलं की पनीर बटर मसाला, पांढरीत टाकलं की शाही पनीर, लाल आणि ब्राऊन अर्धी अर्धी घेऊन तिखट मारलं की व्हेज कोल्हापुरी. वर क्रीमची रेघ. दहा मिनिटांत टेबलावर. आमच्या कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर तीन बेस क्लास आणि पन्नास ऑब्जेक्ट्स. डिझाइन म्हणून हे उत्तमच आहे, मान्य केलं पाहिजे. आचारी सोडून गेला तरी दुसरा आचारी त्याच तीन पातेल्यांवर उभा राहतो. जम्मूत शिकलेला माणूस संग्रामपुरात चालतो.

भाकरी ह्या डिझाइनमध्ये बसत नाही. ज्वारीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे पीठ ताणलं जात नाही. गरम पाण्यात मळायचं, एकेक गोळा हाताने थापायचा, लगेच तव्यावर, लगेच जाळावर, लगेच ताटात. आधी करून ठेवली की कडक. फ्रीजचा उपयोग नाही. तिथे लागतो तो हात, आणि तो हात घरोघरी फुकट मिळतो असा आपला सगळ्यांचा समज आहे. म्हणून पनीरला २२० रुपये देताना कुणी कुरकुर करत नाही, पण भाकरीला पंचवीस म्हटलं की लगेच, "अरे, घरी आई करते की!"

आणि ही गोष्ट काही फक्त संग्रामपूरची नाही बरं का. इंग्लंडमधली 'इंडियन रेस्टॉरंट्स' बघा. त्यातली बहुतेक बांगलादेशातल्या सिल्हेटहून गेलेल्या लोकांनी चालवली. घरी मासे आणि भात खाणारी माणसं, हॉटेलात मात्र गिऱ्हाइकाला जे 'इंडियन' वाटतं ते विकणार. त्यातली चिकन टिक्का मसाला इतकी चालली की २००१ साली तिथले परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी तिला ब्रिटनची खरीखुरी राष्ट्रीय डिश म्हणून टाकलं. म्हणजे बर्मिंगहॅम आणि संग्रामपूर ह्यांच्यात एक साम्य आहे. दोन्हीकडे हॉटेलच्या मालकाचं स्वतःचं जेवण मेनूकार्डावर नाही.

इथे कुणी असं समजू नये की माझा पंजाबी जेवणावर राग आहे. मुळीच नाही. ह्या लाल ग्रेव्हीची गोष्ट तर मला फार आवडते. फाळणीत पेशावरहून दिल्लीला आलेल्या कुंदनलाल गुजराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये दर्यागंजमध्ये 'मोती महल' काढलं आणि तिथून तंदुरी आणि बटर चिकन देशभर गेलं. बटर चिकन नक्की कुणी शोधलं ह्यावर त्यांच्या पुढच्या पिढ्यांचं भांडण २०२४ साली दिल्ली हायकोर्टात गेलं, ते वेगळं. पण सगळं गमावून आलेल्या माणसांनी स्वतःच्या हातचं काहीतरी विकायला काढलं, आणि लाज न बाळगता विकलं, हे त्यात मुख्य आहे.

आणि असाच दुसरा माणूस आपल्या जवळच होऊन गेला! ज्या कचोरीने मी ह्या प्रवासाची सुरुवात केली, ती शेगावची कचोरीसुद्धा फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांची. १९५०च्या आसपास त्यांनी ती शेगाव स्टेशनवर विकायला सुरुवात केली. आज ती इतकी विदर्भाची झाली आहे की तिचं मूळ कुणी विचारत नाही. म्हणजे बाहेरचं येण्यात काही बिघडत नाही. कचोरी इथे येऊन शेगावची झाली. पनीर बटर मसाला मात्र दिल्लीत, नाशकात, संग्रामपुरात सारखाच राहिला, आणि दरवेळी थोडा जास्त गोड.

सरकारनेही प्रयत्न केले होते म्हणे. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर काढली. केंद्रं उघडली, पण योजना काही वर्षांतच बंद पडली आणि कित्येक टपऱ्यांवर दुसरंच काहीतरी विकलं जाऊ लागलं. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. त्यात दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. स्वस्त आणि पोटभर, त्याबद्दल वादच नाही. पण पंचवीस वर्षांत भाकरीची चपाती झाली, हे कुणाच्या लक्षात आलं का? शेतातही तेच. रूममेटचे आजोबा ज्वारी पेरायचे, काका कापूस आणि सोयाबीन पेरतात. त्या दिवशीच्या भाकरीची ज्वारी विकत आणलेली होती.

हे सगळं मी हॉस्टेलवर परत आल्यावर रूममेटला मोठ्या आवेशात ऐकवलं. मला वाटलं ती खूश होईल. ती भडकली! म्हणाली, "तुला भरीत म्हणजे पिकनिक आहे. मी वीस वर्षं तेच खातेय. आम्ही हॉटेलात जाऊन पण भाकरच खायची का? आणि बाबांना तुझ्यासाठी पनीर घ्यावंसं वाटलं त्याला तू लाज म्हणतेस? त्यांना अभिमान होता. पोरीची मैत्रीण आली म्हणून त्यांनी नवा शर्ट घातला, ते नाही दिसलं तुला?"

खरंच नव्हतं दिसलं.

मग तिने अजून एक गोष्ट सांगितली. मोठ्या शहरातल्या एका 'गावरान' थाळीच्या हॉटेलात तिला नातेवाइकांनी नेलं होतं. भिंतीवर बैलगाडीचं चाक, कंदील, वेटरला फेटा आणि पिठलं-भाकरीचे साडेतीनशे रुपये. "चुलीजवळ एका बाईला लुगडं नेसवून बसवलं होतं. लोक तिच्याबरोबर सेल्फी काढत होते. माझी आई रोज बसते, तिच्याबरोबर कोण काढतं?"

माझ्याकडे ह्याला उत्तर नव्हतं, आणि खरं तर अजूनही पूर्ण उत्तर नाही. पण एक आहे. काकांचा अभिमान मला मान्य. रोज तेच खाणाऱ्याला हॉटेलात वेगळं खावंसं वाटणार, हेही मान्य. मात्र त्या दिवशी हॉटेलात जाऊन सुट्टी कुणाला मिळाली? ज्यांनी दिवसभर कापूस वेचला त्या काकू घरीच राहिल्या, म्हैस त्यांनीच पाहिली, भाकर त्यांनीच थापली आणि ताटही त्यांनीच झाकलं. त्या हॉटेलात जर कुणी दुसऱ्या हाताने पगार घेऊन थापलेली गरम भाकर पंचवीस रुपयांना मिळाली असती, तर काकूंनी थापलेली भाकरसुद्धा पंचवीस रुपयांची आहे हे निदान बिलावर छापून आलं असतं. मला मेनूकार्डात संग्रामपूर हवं आहे ते कंदील आणि बैलगाडीसाठी नाही, त्या एका ओळीसमोरच्या आकड्यासाठी. भरीत १२०. कळण्याची भाकर २५. ठेचा १५. खाली वाटलंच तर पनीर बटर मसाला पण असू दे, धाकट्या भावासाठी.

तेव्हा नुसतं बोलून काय होणार म्हणून मी गेल्या महिन्यात आपल्या मेस कमिटीसमोर विषय मांडला, आठवड्यातून एक दिवस, गुरुवारी रात्री, ज्वारीची भाकरी. मेसच्या काकांनी तिथल्या तिथे हिशोब करून दाखवला. दोनशे पोरं, प्रत्येकी दोन, म्हणजे चारशे भाकरी. एक बाई तासाला जास्तीत जास्त चाळीस करणार. म्हणजे दहा तासांचं काम, आणि सगळ्यांना गरम पाहिजे तर चार बायका अडीच तास उभ्या. "चपातीचं मशीन आहे बाळा, भाकरीचं नाही," ते म्हणाले. (आहेत म्हणे बाजारात, मेकॅनिकलवाल्यांनी शोध घ्यावा. फायनल इयर प्रोजेक्टला विषय मिळत नाही म्हणून रडत असतात.) शेवटी ठरलं ते असं की ज्यांना हवी त्यांनीच नाव द्यायचं, गुरुवारी दहा रुपये जास्त द्यायचे, आणि ते दहा रुपये सरळ थापणाऱ्या मावशींना जायचे. किमान पन्नास नावं झाली तर सुरू.

वही मेसच्या काउंटरवर, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली आहे. हा लेख देईपर्यंत एकतीस नावं झाली होती. त्यातली चार आपल्या स्टाफची आहेत. रूममेटने अजून नाव लिहिलेलं नाही. ती म्हणते, आधी मेसची भाकरी कशी होते ते बघू.